इंदूरला नऊ होल पुरेत

टाउनशिपच्या जाहिरातींत 'चॅम्पियनशिप गोल्फ कोर्स' हे शब्द हल्ली सर्रास दिसतात. हॉटेलच्या पाटीवर 'सुप्रसिद्ध' लिहायला जसा कुणाचा परवाना लागत नाही, तसाच यालाही लागत नाही. मैदानाला चॅम्पियनशिपचा दाखला देणारी कुठलीही संस्था नाही. १८ होल (एक होल म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून बॉल घालायच्या खड्ड्यापर्यंतचा पट्टा; त्या खड्ड्यालाही होलच म्हणतात), सात हजार यार्डांच्या आसपास लांबी आणि कडेने बंगल्यांचे प्लॉट एवढं जमलं की बिल्डर तो शब्द छापून मोकळा होतो. यातला शेवटचा भाग खरा धंद्याचा. गोल्फ म्हणजे प्लॉटचा भाव चढवणारं गवत.

बिल्डरने स्वतःच्या जमिनीवर काय करावं हा त्याचा प्रश्न. पण शहराने आपली जमीन, आपलं पाणी आणि आपला पैसा गोल्फला द्यायचा का, आणि द्यायचाच तर कसल्या मैदानाला, हा सगळ्यांचा प्रश्न आहे. इंदूरसारख्या शहरात तो आज ना उद्या महापालिकेच्या टेबलावर येणार. स्टेडियम झालं, मेट्रो सुरू झाली. 'आता आंतरराष्ट्रीय गोल्फ' हे कुणाला तरी सुचणारच. त्या वेळी १८ होलांचा आराखडा पुढे आला तर त्याला सरळ नकार द्यावा आणि त्याऐवजी वीसेक एकरांत नऊ आखूड होलांचं सार्वजनिक मैदान मागून घ्यावं, असं माझं मत आहे.

आधी मेजरचं स्वप्न बाजूला ठेवू. पुरुषांच्या गोल्फमध्ये मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धा, चारच: एप्रिलमधली मास्टर्स, मे महिन्यातली पीजीए चॅम्पियनशिप, जूनमधली यूएस ओपन आणि जुलैमधली द ओपन. मास्टर्स दरवर्षी जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल या एकाच क्लबात होते. उरलेल्या तिघींची मैदानं बदलतात, पण अमेरिका आणि युनायटेड किंगडम सोडून त्या आजवर कुठेही गेलेल्या नाहीत. जाणारही कशा? नुसतं घड्याळ घेऊन बसलं तरी कळतं. द ओपनमध्ये १५६ खेळाडू असतात, तिघातिघांचे ५२ गट. सगळे एकाच पहिल्या टीवरून, म्हणजे होलाचा पहिला फटका मारायच्या जागेवरून, साधारण ११-११ मिनिटांनी सुटतात. म्हणजे पहिला गट सुटल्यापासून शेवटचा सुटेपर्यंत साडेनऊ तास, आणि त्या शेवटच्या गटाला खेळायला पुढे आणखी पाच. स्कॉटलंडमध्ये जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणून हे निभतं. आपल्याकडे जुलैत पाऊस आणि मे महिन्यात भट्टी. गोल्फचा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा, तेव्हा इंदुरात दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा. दोन टींवरून खेळाडू सोडले तरी १५६ जण त्या उजेडात बसत नाहीत.

तेव्हा मेजर येणार नाही. इथून मेजरला कुणी जाऊ शकेल का, हा विचारण्याजोगा प्रश्न. त्यासाठी १८ होल लागतातच असं नाही.

'नऊ होल म्हणजे अर्धवट गोल्फ' असं ऐकवणारे भेटतील. त्यांना मसलबरा दाखवावं. एडिंबराजवळचं हे समुद्रकाठचं छोटं गाव. तिथलं मैदान घोडदौडीच्या ट्रॅकच्या आत आहे आणि त्याला होल आहेत नऊ. १८७४ ते १८८९ या काळात द ओपन याच नऊ होलांवर सहा वेळा खेळली गेली. चार फेऱ्या मारल्या की ३६ होल पुरे, आणि तेव्हा स्पर्धाच ३६ होलांची होती. त्याआधी १८६० साली प्रेस्टविकला पहिली ओपन झाली तीही १२ होलांच्या मैदानावर. आठ खेळाडू, १२ होलांच्या तीन फेऱ्या, एका दिवसात सगळा निकाल. ७२ होलांची चार दिवसांची जत्रा हे फार नंतरचं प्रकरण.

जगातल्या प्रत्येक गोल्फच्या मैदानावर होलचा व्यास सव्वाचार इंच असतो. हे मापही मसलबराचंच. तिथे १८२९ सालचं होल पाडायचं लोखंडी यंत्र आहे, त्याची नळी सव्वाचार इंची. पुढे तेच माप नियमात आलं. आणि त्याच गावात १८१०-११ च्या सुमारास मासे विकणाऱ्या कोळणींसाठी गोल्फची स्पर्धा जाहीर झाल्याची नोंद आहे. बक्षीस होतं माशांची नवी टोपली आणि एक शाल. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते.

मग मसलबराची ओपन गेली कुठे? तिथे खेळणाऱ्या एडिंबरातल्या प्रतिष्ठित क्लबाला गर्दी नकोशी झाली. १८९१ मध्ये त्याने मुरफील्डला स्वतःचं खासगी मैदान केलं आणि पुढच्याच वर्षी ओपन तिकडे नेली. याच क्लबात २०१६ साली बायकांना सभासद करून घ्यावं की नाही यावर मतदान झालं आणि लागणारं दोनतृतीयांश बहुमत मिळालं नाही. स्पर्धा भरवणाऱ्या आर अँड ए संस्थेने सांगून टाकलं की मग तुमच्याकडे ओपन होणार नाही. वर्षभरात क्लबाने पुन्हा मतदान घेतलं आणि ठराव मंजूर केला. कोळणींच्या टोपलीपासून दोनशे वर्षांनी ही पाळी आली. सार्वजनिक मैदान खासगी झालं की खेळातून कोण गळतं, हे समजायला याहून जवळचं उदाहरण नको.

सेंट अँड्र्यूजने उलटी वाट धरली. कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेने अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथली समुद्रकाठची जमीन हातची घालवली आणि ती सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी मैदानभर बिळं केली, गावकऱ्यांनी ससे मारले, वर्षानुवर्षं कज्जे चालले. शेवटी १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ती जमीन गावाला परत मिळाली. आज एक सार्वजनिक न्यास ती सांभाळतो. ओल्ड कोर्स हे द ओपनचं सर्वांत मानाचं मैदान. तिथे परदेशी पाहुणा चिठ्ठी टाकून नंबर लावतो, गावात राहणाऱ्याला वर्षाचं स्वस्त तिकीट मिळतं, आणि ओपनसारखे अपवाद सोडले तर रविवारी खेळ बंद. त्या दिवशी लोक मुलं-कुत्री घेऊन फेअरवेवरून, म्हणजे टीपासून होलाकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यांवरून, फिरतात. जगातलं सर्वांत प्रसिद्ध गोल्फचं मैदान आठवड्यातून एकदा गावाची बाग होतं. आपल्याकडच्या एखाद्या क्लबात हे सुचवून बघा.

अमेरिकेतही हेच दिसतं. न्यूयॉर्क राज्याच्या मालकीच्या बेथपेज ब्लॅकवर २००२ आणि २००९ मध्ये यूएस ओपन झाली. टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, मिळावा म्हणून तिथे लोक रात्री गाडीतच झोपतात. सॅन डिएगो शहराच्या मालकीच्या टोरी पाइन्सवर २००८ मध्ये टायगर वुड्स मोडलेल्या पायाने जिंकला, तोही सोमवारच्या जादा फेरीनंतर आणखी एक होल खेळून. पिअर्स काउंटीचं चेंबर्स बे तर वाळू-खडीच्या जुन्या खाणीवर उभं आहे. सार्वजनिक मैदान म्हणजे कमअस्सल, हा समज या तिन्ही ठिकाणी खोटा ठरला. अर्थात चेंबर्स बेची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१५ च्या यूएस ओपनमध्ये तिथल्या ग्रीन्सची, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळींची, लाज निघाली. लावलं होतं फेस्क्यू गवत, त्यात शिरलं पोआ, आणि दोन्हींची वाढ वेगवेगळी असल्यामुळे पुट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, मारला की बॉल उड्या मारत जायचा. पुढे काउंटीला सगळी ग्रीन्स उकरून नव्याने करावी लागली. मालकी सार्वजनिक असली म्हणून गवताचं शास्त्र माफ होत नाही.

आता आपल्या खेळाडूंकडे बघू. भारतीयाची मेजरमधली सर्वोत्तम कामगिरी अनिर्बान लाहिरीची, २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा. जीव मिल्खा सिंग २००८ च्या पीजीएमध्ये संयुक्त नववा होता. त्याच्या आदल्या वर्षी तो मास्टर्स खेळणारा पहिला भारतीय झाला होता. शुभंकर शर्मा २०२३ च्या ओपनमध्ये संयुक्त आठवा. लाहिरी आणि शुभंकर दोघंही फौजी घरांतले. छावणीत मैदान असतं आणि अफसराच्या मुलाला तिथे रोज जाता येतं, म्हणून ते घडले. दुसरं दार मागचं आहे. अली शेर कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, होता. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मैदानाची देखभाल करायचे. त्याने २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकलं.

आणि इंदूरपासून तासाभरावरच्या महूचा मुकेश कुमार. देशी टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, शंभराहून जास्त विजेतेपदं आणि डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, दिल्लीला पॅनासोनिक ओपन इंडिया जिंकून आशियाई टूरवरचा पहिला विजय. त्या वयात पहिल्यांदा जिंकणारा त्या टूरवर त्याच्याआधी कुणी नव्हता. दिल्ली गोल्फ क्लबाचं मैदान म्हणजे दोन्ही बाजूंनी झाडोरा आणि मधून बोळासारखे फेअरवे. तिथे लांब मारणाऱ्यापेक्षा सरळ मारणारा जगतो. हा माणूस आपल्या शेजारचा, तरी त्याचं नाव इंदुरातल्या किती खेळप्रेमींना ठाऊक असेल? सी. के. नायडू आणि होळकर संघाच्या चार रणजी करंडकांच्या गोष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, ते बरोबरच आहे. पण क्रिकेट इथे रुजलं ते महाराजांनी संघ पोसला एवढ्यावर नाही. गल्लीत, शाळेत, चिमणबागेत कुणालाही बॅट धरता आली म्हणून रुजलं. गोल्फची गल्ली कुठे आहे? वरची दोन दारं सोडली तर सामान्य घरातल्या पोराला गोल्फची काठी हातात धरायलाच मिळत नाही.

यूएस ओपनसाठी दरवर्षी दहा हजारांहून जास्त अर्ज येतात. हँडिकॅप (खेळाचा दर्जा सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) पुरेसा खाली असेल तर कुणीही फी भरून पात्रता फेरीत उतरू शकतो: आधी १८ होल, मग एका दिवसात ३६. पीजीए चॅम्पियनशिपमध्ये २० जागा क्लबांत शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी असतात. त्यांतलाच मायकेल ब्लॉक, कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक मैदानावरचा शिक्षक, २०२३ मध्ये संयुक्त पंधरावा आला आणि शेवटच्या दिवशी एका फटक्यात होलही केला. म्हणजे वरचं दार उघडं आहे. आपल्याकडे खालची पायरीच नाही.

ती पायरी कशी बांधायची, आता ते.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण गोल्फ म्हटलं की पहिला आक्षेप तोच आणि तो रास्त आहे. इंदूरला पिण्याचं पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून येतं, अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या पट्ट्यातून, सत्तरेक किलोमीटर नळातून आणि विंध्याचा चढ चढून. नदी आणि शहर यांच्या उंचीत चारशे मीटरहून जास्त फरक आहे. हे पाणी उपसण्याच्या विजेचं बिल इतकं की महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढून जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. असं पाणी गवतावर ओतणं पाप आहे.

हिशोब सोपा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर, एक टँकर. मे महिन्यात गवताला रोजचे सहा मिलिमीटर धरा. १८ होलांच्या मैदानात फेअरवे धरून ३० हेक्टर तरी हिरवं ठेवावं लागतं: रोजचे १८ लाख लिटर, १८० टँकर. माणशी १३५ लिटरचा सरकारी निकष लावला तर तेरा हजार माणसांचं पाणी. नऊ आखूड होलांवर मात्र फक्त ग्रीन्स, टी आणि त्यांच्या कडा भिजवायच्या. मधली जमीन उन्हाळ्यात पिवळी पडू द्यायची. एकूण एक हेक्टर, दिवसाला सहा टँकर. तेही सांडपाणी शुद्ध करून. इंदूरला २०२१ मध्ये देशातला पहिला 'वॉटर प्लस' दर्जा मिळाला तो याच कामासाठी. कबीटखेडीसारख्या प्रकल्पांतून निघणारं पाणी सहा टँकरांनी कमी झालं तर कळणारही नाही.

सांडपाण्यात मात्र खाचाखोचा आहेत. त्यात क्षार असतात, विशेषतः सोडियम. काळ्या मातीत सोडियम साठलं की ढेकळं फुटून लगदा होतो आणि पाणी मुरेनासं होतं. म्हणून दर तीन महिन्यांनी पाण्याची क्षारता तपासायची, मातीत जिप्सम घालायचं आणि पावसाळ्यात सगळे क्षार धुऊन जातील एवढा निचरा ठेवायचा. शेवाळाने नोझल तुंबतात. डिस्क फिल्टर रोज धुतला नाही तर आठवड्यात अर्धी ग्रीन्स चट्ट्याचट्ट्यांनी वाळतात. पाणी रात्री, माणसं नसताना आणि खाली उडणाऱ्या फवाऱ्यांनी द्यायचं. बॉल चाटायची काही खेळाडूंना सवय असते, तिच्यावर पाटी लावूनच तोड काढावी लागेल.

गवत कोणतं? ऑगस्टाच्या ग्रीन्सवर बेंटग्रास आहे. थंड हवेचं ते गवत टिकावं म्हणून ग्रीनखाली नळ्या घालून हवा-पाणी ओढणारी यंत्रं बसवली आहेत, आणि तरीही क्लब उन्हाळ्यात बंद असतो. आपल्याला त्याची गरज नाही. जगभर उष्ण प्रदेशात ग्रीन्सवर लावतात ते बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, खजराण्याच्या गणपतीला वाहतो त्या दूर्वेची जात. टिफड्वार्फ ही तिची बुटकी, दाट पसरणारी संकरित बहीण. ऊन हवं मात्र भरपूर, दिवसाला सहा-आठ तास. ग्रीनशेजारी हौसेने लावलेला गुलमोहर पाच वर्षांत ते ग्रीन मारतो. जुन्या छावण्यांच्या मैदानांत पाण्याअभावी ग्रीनऐवजी 'ब्राउन' असायचे, वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून रोलर फिरवलेले. स्वस्त खरे, पण ते तेल पावसात विहिरीत उतरतं. तो मार्ग नको.

माळव्याच्या काळ्या मातीवर ग्रीन थेट करता येत नाही. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैत ती फुगते. म्हणून ग्रीनच्या जागी ४० सेंटिमीटर माती काढायची. तळाला चार इंची सच्छिद्र पाइप, पंधरा फुटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता, शंभर फुटांना निदान सहा इंच उतार देऊन. त्यावर १० सेंटिमीटर खडी, त्यावर ३० सेंटिमीटर वाळू. एक ग्रीन ३०० चौरस मीटरचं धरलं तर नऊ ग्रीन्सना ८१० घनमीटर वाळू लागते, दहा घनमीटरच्या डंपरने ८१ खेपा. घोळ इथेच होतो. ठेकेदार बांधकामाची वाळू टाकतो, तिच्यात गाळ असतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ग्रीनचं डबकं होतं. निम्म्याहून जास्त, साठ टक्के तरी कण पाव ते एक मिलिमीटरचे हवेत. क्रशरची वाळू चालेल, नर्मदेचं पात्र उपसण्यापेक्षा बरीच, पण धुतलेली हवी. काचेच्या बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवायचं. तासाभराने पाणी गढूळच दिसलं तर डंपर परत. वाळूत थोडं खत लागतं, ते शहराकडे आहेच: देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात रोज ५५० टन ओला कचरा जिरवण्याची सोय आहे. पण खत पूर्ण कुजलेलं आणि बारीक चाळलेलं हवं, नाहीतर त्यातून तण उगवतं आणि प्लास्टिकचे तुकडे मोअरच्या, म्हणजे गवत कापायच्या यंत्राच्या, पात्यात जातात. ग्रीनच्या कडेने जाड प्लास्टिकचा उभा पडदा पुरायचा. तो नसला तर शेजारची काळी माती वाळूतलं पाणी ओढून घेते आणि ग्रीनची किनार नेहमी करपलेली राहते. माळ्याला बोल लागतो, दोष पडद्याचा असतो.

ग्रीन किती वेगवान असावं यावर क्लबांत भांडणं होतात. मोजायचं साधन साधं आहे, ३६ इंची ॲल्युमिनियमची पन्हळ. तिच्या खाचेत बॉल ठेवायचा, पन्हळ हळूहळू उचलायची, साधारण वीस अंशांवर बॉल आपोआप सुटतो. तो किती फूट गेला ते मोजायचं. तीन बॉल एका दिशेने, तीन उलट, मग सरासरी. मेजरला हा आकडा बारा-तेराच्या पुढे नेतात आणि त्यासाठी गवत तीन मिलिमीटरपर्यंत कापतात. एवढं गवत आजाऱ्यासारखं असतं. २००४ च्या यूएस ओपनमध्ये शिनेकॉकचं सातवं ग्रीन शेवटच्या दिवशी इतकं टणक झालं की गटागटांमध्ये त्यावर पाणी मारावं लागलं. २०१५ ला सेंट अँड्र्यूजला वाऱ्याने ग्रीनवरचे बॉल हलायला लागले आणि खेळ कित्येक तास थांबला. आपल्या नऊ होलांना सात-आठ फूट पुष्कळ, पाच-सहा मिलिमीटर कापणी. मोअर सिलिंडरचाच हवा. फिरत्या पात्याचा मोअर दूर्वेचे शेंडे फाडतो आणि पावसाळ्यात तिथूनच बुरशी शिरते.

आखणीतली एक गोष्ट नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला हटकून ठाऊक नसते. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा बॉल उजवीकडे पळतो. म्हणून कडेचे होल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचे, म्हणजे रस्ता आणि घरं डाव्या हाताला राहतात आणि चुकलेला बॉल मैदानातच पडतो. उलटं केलं की पहिल्या महिन्यात कुणाची तरी काच फुटते आणि दुसऱ्या महिन्यात तीस फुटी जाळीचं टेंडर निघतं. होल ७० ते १४० यार्डांचे ठेवले तर मुलाला तीन काठ्यांत भागतं: सात नंबरचं आयर्न, एक वेज आणि पटर. त्या मैदानाच्या कपाटात ठेवून फुकट द्याव्यात.

खरा कठीण आक्षेप पाण्याचा नाही, जमिनीचा आहे. ज्या शहरात पोरांना टेनिस बॉलचं क्रिकेट खेळायला मोकळी जागा मिळायची मारामार, तिथे गोल्फला वीस एकर का? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल की सध्या खेळाच्या असलेल्या एका चौरस फुटालाही हात लागू नये. जागा घ्यायचीच तर जिच्यावर इमारत उभी राहणं अवघड अशी घ्यावी. देवगुराडियाला २०१८ च्या सुमारास १३ लाख टनांच्या आसपास जुना कचरा उपसून शंभरेक एकर जमीन मोकळी केली गेली, तशा जातीची. अशा जमिनीत खोल राहून गेलेला कचरा पुढे दबतो आणि वायू सोडतो, म्हणून आधी बोअर घेऊन तपासणी हवी. पण चार बोटं खचलेल्या फेअरवेने कुणाचं घर पडत नाही. आणि आठवड्यातला एक दिवस मैदान फिरायला खुलं, हे सुरुवातीलाच ठरावात लिहून घ्यावं. नंतर कुणी देत नाही.

ठरावात आणखी एक कलम लागेल. भारतातल्या बहुतेक क्लबांत कॅडी आणि माळी यांना खेळायला सोमवारचा दिवस मिळतो, कारण त्या दिवशी सभासदांसाठी मैदान बंद असतं. काही ठिकाणी तेवढंही नाही. ऑगस्टातही १९८२ पर्यंत मास्टर्समध्ये खेळाडूची बॅग क्लबाच्या काळ्या कॅडींनीच उचलायची असा नियम होता, आणि त्याच क्लबाचा पहिला काळा सभासद १९९० मध्ये झाला. सार्वजनिक मैदानावर रोज पहाटे माळी सव्वाचार इंची नळी घेऊन निघतो, चार पावलं सरकून नवा होल पाडतो, जुना बुजवतो, गवताची गोल कातडी बोटांनी दाबून बसवतो. त्या ग्रीनचा उतार त्याच्याइतका कुणालाच ठाऊक नसतो. काम संपल्यावर त्याला आणि त्याच्या मुलांना तिथे रोज, फी न भरता, इतरांच्याच रांगेत उभं राहून खेळता येईल, हे नियमावलीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं, टी टाइमच्या वेळापत्रकाच्याही आधी.